कळविण्यात येते की

दिवे लागले नाहीत. दिवे तुम्ही लावलेत. दोन्हींत फरक आहे आणि तो तुम्हाला पक्का ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही लागले म्हणता. दार लागलं, दिवे लागले, वेळ लागला. जसे काही या गोष्टींना स्वतःचे हात आहेत आणि तुम्ही आपले बिचारे बाजूला उभे होतात. कुणीतरी बटण दाबलं. त्या बटणावर बोट होतं. बोटाला हात होता, हाताला माणूस होता आणि त्या माणसाच्या वर आणखी एक माणूस होता. मला तो हवाय.

हे सगळं ती मनात म्हणत होती, पण ओठ हलत असावेत, कारण घडीच्या खुर्च्या आवरणारी माणसं तिच्याकडे बघून वाट सोडत होती. मैदान खेळाचं होतं. एका अंगाला पायऱ्यांची बैठक, चार कोपऱ्यांत चार उंच खांब, आणि त्या चारही खांबांवरचे दिवे अजून जळत होते. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता. सूर्य परत आला होता. एका कडेने का होईना, पण आला होता, गवताच्या पात्याची सावली पडण्याइतका आला होता. आणि हे दिवे भर दिवसा जळतच होते, निघा म्हटलं तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखे. गळ्यात दोरीने अडकवलेला पुठ्ठ्याचा काळा चष्मा चालताना छातीवर आपटत होता. एका तरुण बापाने खांद्यावरचं पोर सावरत हसून विचारलं, "मस्त झालं ना, आजी?"

ती थांबली. "काय मस्त झालं?"

"ग्रहण."

"तुम्ही बघितलंत?"

"रेकॉर्ड केलंय ना," त्याने हातातला फोन हलवला. "घरी जाऊन निवांत बघू."

ती पुढे निघाली. याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. याला काय गमावलं ते घरी गेल्यावर कळेल, किंवा कळणारही नाही, आणि तेच बरं. तिला मात्र ते बटण दाबायच्या क्षणीच कळलं होतं. जन्मभर तिने एका सिनेमा थिएटरात डोअरकीपरचं काम केलं होतं. हातात बॅटरी घेऊन, उशिरा येणाऱ्यांना पायऱ्या आणि खुर्च्या दाखवायच्या. लोक तिला बॅटरीवाली म्हणायचे. बॅटरीचा झोत कधीही कुणाच्या तोंडावर मारायचा नाही, पायाकडे मारायचा, हा त्या कामाचा पहिला धडा. थिएटरात भांडणं झाली, फिट येऊन माणसं पडली, एका बाईला तर चालू खेळात कळा सुरू झाल्या, पण तिने कधी कुणाच्या डोळ्यांत उजेड घातला नाही. आणि आज तुम्ही माझ्या डोळ्यांत घातलात. चार खांब भरून घातलात.

ही वाट पाहणं कधीचं होतं म्हणून सांगू. ती तेव्हा शाळेत होती, दोन वेण्या, दात पडून नवे येण्याचं वय. ग्रहणासाठी शाळेच्या खिडक्यांना आदल्या दिवशी काळा कागद चिकटवला होता आणि वर्गात खळीचा आंबूस वास भरला होता. बाईंनी बाकं भिंतीला लावून सगळ्यांना जमिनीवर मधोमध बसवलं होतं आणि बाहेर जायचं नाही, विचारायचं नाही, कागदाला हात लावायचा नाही असं सांगून दार लावून घेतलं होतं. पुढे कुणाची तरी आई भांडायला आली तेव्हा बाई म्हणाल्या, दार लागलं होतं हो, वाऱ्याने. तिला ते तेव्हाही खटकलं होतं. दार लागलं नव्हतं. बाईंनी लावलं होतं, कडी घालून, आणि कडी घालताना बाईंच्या बांगड्या वाजल्या होत्या. वारा बांगड्या घालत नाही. त्या काळ्या कागदाला एका ठिकाणी खिळ्याएवढं भोक राहिलं होतं आणि त्यातून उजेडाचा एक ठिपका पुढच्या मुलीच्या बाहीवर पडला होता. ठिपका गोल नव्हता. कापलेल्या नखासारखा होता. ती ते नख बघत बसली. नख बारीक होत चाललं होतं. तिने बोट पुढे करून ते स्वतःच्या बोटावर घेतलं, आणि तेवढ्यात बाईंनी बघितलं, उठल्या, आणि खळीत बुडवलेला कागदाचा बोळा त्या भोकात दाबला. बस. तिच्या वाट्याचं ग्रहण एवढंच.

आणि बाहेर बाबांचा आवाज येत होता. तिचे बाबा पुकारेवाले. जुनी मोटार, टपावर पुढे-मागे तोंड केलेले दोन कर्णे, आणि आत एका हाताने चाक धरून दुसऱ्या हातात माइक धरलेले बाबा. पाणी येणार नसलं की बाबा, सर्कस आली की बाबा, कुणाचं म्हातारं माणूस हरवलं की बाबा. गावातली प्रत्येक गोष्ट घडण्याआधी बाबांच्या तोंडून यायची. घरीसुद्धा तेच. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की आजच्या भाजीत मीठ पडलेले नाही," असं ताटावरून पुकारायचे आणि आई पदराआड हसत मिठाचं भांडं सरकवायची. त्या दिवशी त्यांना वरून एक कागद मिळाला होता आणि तो ते सकाळपासून गल्लोगल्ली वाचत होते. कुणीही घराबाहेर पडू नये. मुलांना वर्गाबाहेर सोडण्यात येऊ नये. म्हणजे तिला कोंडणारा आवाज तिच्याच बापाचा होता. हे तुमचं काम. स्वतः येऊन सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ज्याच्या तोंडावर गावाचा विश्वास त्याचं तोंड घेतलंत. सोडण्यात येऊ नये. कुणी सोडू नये, कुणाला वाटतं सोडू नये, का सोडू नये, काही नाही. नुसतं येऊ नये.

वर्गात मुली रडायला लागल्या होत्या, कारण कागदाच्या कडांवरून झिरपणारा उजेडही आता मेला होता. बाबांची मोटार शाळेच्या भिंतीपाशी आली होती. "सर्व पालकांना कळविण्यात येते की," बाबा म्हणाले, आणि थांबले.

थांबले म्हणजे थांबलेच. कर्णे चालू होते. त्यांची घुंई तिला ऐकू येत होती, माइक उघडा असल्याची, माणूस माइकच्या मागे श्वास घेत असल्याची घुंई. मोटार बंद पडली नव्हती, वीज गेली नव्हती. बाबा तिथे होते, तोंडासमोर माइक होता, आणि बाबा बोलत नव्हते. जो माणूस झोपेतसुद्धा लिलाव पुकारायचा, तो 'की' वर येऊन अडकला होता, आणि तिच्यात आणि त्यांच्यात एक भिंत आणि एक काळा कागद होता. ती ऐकत राहिली. पुढे काय येणार? की काय? कागदाबाहेर असं काय आहे, की बाबांना शब्द सुचत नाही? मग बाहेर एकदम कोंबडा आरवला, मुली हसल्या, आणि मोटार निघून गेली. 'की' तिथेच राहिला. तेव्हापासून तो तिच्या कानात आहे.

घरी आल्यावर बाबांनी पाणी मागितलं आणि तांब्या हातात धरून बसले. आई म्हणाली, "काय हो, भूत बघितलंत काय?" बाबा म्हणाले, "हिला बाहेर असायला हवं होतं." तेवढंच. नंतर ते बोलायला लागले, पुकारायलाही लागले, सर्कशी येत राहिल्या; पण घरात ताटावरून कळविण्यात येते की असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. भाजी अळणी असली तर अळणी खायचे. ती मोठी झाल्यावर एकदा तिने गाठलंच त्यांना, ते कर्ण्याला तेलपाणी करत बसले होते तेव्हा. "बाबा, त्या दिवशी काय बघितलंत?" त्यांनी माइक उचलला, सवयीने त्यात फू फू केलं, तोंड उघडलं. मग माइक खाली ठेवला. "बघशील तेव्हा कळेल," म्हणाले. पुढे ते गेले. न सांगता गेले. त्यांनी लपवलं असं तिला कधीच वाटलं नाही. त्यांना सांगता आलं नाही, आणि ज्याला सगळं गाव सांगता यायचं त्याला जे सांगता आलं नाही ते आपल्याला बघायचंय, एवढी एकच गोष्ट तिने आयुष्याकडे मागितली. नवरा मागितला नाही. घर मागितलं नाही. मिळालंही नाही, तो भाग वेगळा.

थिएटरची नोकरी तिने त्यासाठीच धरली असं कुणी म्हटलं तर ती नाही म्हणणार नाही. खेळ सुरू होताना एक क्षण असतो. हॉलचे दिवे गेलेले असतात आणि पडद्यावर अजून काही आलेलं नसतं. त्या क्षणी सगळा हॉल एक श्वास घेतो. शेकडो माणसं, एकमेकांची कुणी नसलेली, एकच श्वास. ती दारापाशी बॅटरी विझवून उभी राहायची आणि तो श्वास ऐकायची, कारण तो बाबांच्या माइकमधल्या श्वासासारखा असायचा. मग तुम्ही तिथेही आलात. पायरीपायरीला दिवे बसवायचे, दारावर हिरवे दिवे, खुर्च्यांच्या रांगांना दिवे, आणि ते खेळ चालू असतानाही विझवायचे नाहीत. लोक पडतात म्हणे. तिच्या काळात अंधारात अडखळून एक माणूस पडला नव्हता, कारण ती होती. दिवे आले आणि तो श्वास गेला. कुणाला कळलंही नाही. मॅनेजर म्हणाला, "आता बॅटरीचं काम राहिलेलं नाही हो." राहिलेलं नाही. कुणी ठेवलं नाही ते विचारायचं नाही. अंधाराशी तुमचं काय वाकडं आहे हे तिला कधी कळलेलं नाही. लोकांना कोंडायचं असलं की तुम्ही अंधार करता, आणि लोक आपणहून अंधारात उभे राहिले की दिवे लावता.

हे ग्रहण येणार हे धाकट्या भावाने शोधून काढलं. बाबा 'की' वर थांबले तेव्हा हा पाळण्यात होता, त्यामुळे त्याला त्यातलं काही आठवत नाही, पण ताईच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की आपणही वर्गात होतो असं त्याला वाटायचं. बाटल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता, रिटायर झाल्यावरही सगळ्यांवर देखरेख करायची सवय गेली नाही, म्हणून घरात त्याला मुकादम म्हणत. मुकादमाने एक जुना ट्रेलर घेतला, मोटारीमागे जोडायचा, आत झोपायच्या दोन फळ्या, एक ओटा आणि छताला वाऱ्यासाठी उघडणारी चौकोनी खिडकी. पूर्वी तो डोळे तपासणीचा फिरता दवाखाना होता. दाराच्या आतल्या बाजूला अक्षरांचा तक्ता रंगवलेला होता, वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत गेलेली, आणि तो तक्ता मुकादमाने खरवडून काढायचा म्हटला तर फक्त शेवटची ओळ निघाली आणि बाकीची तशीच राहिली. ती वाटेत फळीवर पडून त्या निघालेल्या ओळीकडे बघत यायची. सगळी वाचता येत होती, तेवढी एक सोडून.

प्रवास लांबचा आणि गमतीचा झाला, हे ती आता रागातही नाकारणार नव्हती. ट्रेलर मागे घेताना चाक उलटं फिरवावं लागतं. डावीकडे न्यायचा तर उजवीकडे वळवायचं. मुकादमाला ते जमेना. पेट्रोलपंपावर तो आणि ट्रेलर एकमेकांना काटकोनात उभे राहायचे आणि त्याची बायको खिडकीतून डोकं काढून म्हणायची, "संसारातही यांचं हेच. मी डावीकडे म्हटलं की गाडी उजवीकडे." ही भावजय म्हणजे अखंड आवाज. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटना धीर द्यायच्या कामावर होती, आणि ज्यांची तोंडं उघडी असतात त्यांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे तिचं बोलणं कुणी कधी तोडलंच नव्हतं. मुकादम तिला रेडिओ म्हणायचा. "वन्सं, मला काही ते ग्रहणबिहणाचं नाही हं," ती रस्ताभर सांगत होती, "मी तुमच्यासाठी आले. आणि यांना एकट्याने ट्रेलर मागे घ्यायला लागला तर हे अजून पंपावरच असते म्हणून आले." ती बोलायची आणि ट्रेलर भरायचा, आणि ऐकणारीला वाटायचं, बाबा असते तर या दोघांचं जमलं असतं.

त्यांनी जागा आधीच हेरली होती. रस्त्याकडेला एक बंद पडलेली दगडाची खाण, वर सपाट, कुणी नाही, खांब नाही, तारही नाही. पण खाणीच्या फाट्यावर शिट्टी वाजली. नारिंगी जाकिटातला एक तरुण, गळ्यात शिट्टी, हातात काठी. "ट्रेलर सगळे मैदानात."

"आम्ही खाणीवर जाणार," मुकादम म्हणाला. "मोटारी चालल्यात की तिकडे."

"मोटारी चालतील. ट्रेलर मैदानात. वरून आलंय."

"का पण? ट्रेलरने काय केलंय?"

"काका, मागे लाइन लागलीय बघा."

ती तेव्हा खाली उतरली होती. तिने मैदानाकडे बघितलं आणि खांब दिसले. "हे दिवे लावणार नाही ना तुम्ही?" तिने विचारलं. सरळ विचारलं, शिट्टीवाल्याच्या तोंडाकडे बघून. तो हसला. तिच्या वयाच्या बाईशी हसतात तसं, अर्धं ऐकून.

"दिवसा कोण दिवे लावतं, मावशी?"

हे वाक्य लक्षात ठेवा. ती ते घेऊन येते आहे.

मग जे झालं ते असं. ऊन पातळ व्हायला लागलं. दुधात पाणी घातल्यासारखं नाही, उन्हातून ऊन काढून घेतल्यासारखं. सावल्यांच्या कडा धारदार झाल्या, मुकादमाच्या कानावरचे केससुद्धा जमिनीवर वेगवेगळे दिसायला लागले. गार वारा सुटला. ट्रेलर मैदानाच्या कोपऱ्यातच लागला होता, म्हणजे लावायला लावला होता, खांबाच्या पायथ्याशी, आणि सूर्य त्या खांबाच्या डोक्यावर जरा वर होता. भावजय गुडघे दुखतात म्हणून आत जाऊन फळीवर आडवी झाली होती. "झालं की हाक मारा, वन्सं," तिचा आवाज आतून येत होता. बाहेर ती काळ्या चष्म्यातून बघत होती, आणि ते नख तिथे होतं. तेच. पुढच्या मुलीच्या बाहीवरचं, बोटावर घेतलेलं, बाईंनी बोळ्याने दाबलेलं नख, इतक्या वर्षांनी, तिच्या समोर, आणि मध्ये कागद नाही, कडी नाही. बारीक होत होतं. आणखी बारीक. आणि बैठकीवरचे कर्णे बोलायला लागले. आधी भरून ठेवलेला आवाज, बाईचा, गोड. "सर्व उपस्थितांना कळविण्यात येते की—" आणि तिला वाटलं आता थांबेल. आता इथे थांबायचं असतं. पण तो आवाज थांबला नाही. "—की अंधार पडल्यास कुणीही घाबरून जाऊ नये, आपापल्या जागा सोडू नयेत, मुलांचे हात धरून ठेवावेत." सगळं वाक्य, शेवटपर्यंत. नख विझलं. तिने चष्मा काढला. सगळा हॉल श्वास घेतो तसा मैदानाने श्वास घेतला, तिने तो ऐकला, थिएटर सोडल्यापासून पहिल्यांदा ऐकला, आणि तिने मान वर केली, आणि दिवे लावलेत तुम्ही.

डोळ्यांत चुन्याची फक्की मारावी तसं पांढरं. तिने हात आडवा धरला तर बोटांमधून पांढरं. खांब तिच्या डोक्यावरच होता. मुकादम ओरडला, "बंद करा रे, बंद करा ते!" आणि पळत सुटला, त्या वयात, त्या पोटासकट, वर न बघता, शिट्टीवाल्याच्या दिशेने, आणि ती पापण्या चोळत पांढऱ्यातून काळं शोधत होती. तिला दिसलं काहीतरी. ओला पेला उचलल्यावर टेबलावर राहतं तसं एक फिकट कडं. असेल. नसेलही, डोळ्यांवर उमटलेला दिव्यांचाच डाग असेल. त्यात काही नव्हतं. त्याच्यासाठी बाबा 'की' वर थांबले नसते. त्याच्यासाठी कुणी अळणी भाजी खाल्ली नसती. मग गर्दी ओरडली, एका कडेने धारदार काहीतरी फुटलं, आणि दिवस आला. टाळ्या पडल्या. टाळ्या.

मुकादम धापा टाकत परत आला. "कुणी ऐकेना, ताई. दिसलं का काही तुला?"

"तुला?"

"मी कुठे बघितलं. मी पळत होतो." तो कंबरेवर हात ठेवून वाकला. "आत बघू, हिला तरी उठव. झोपली असेल."

भावजय झोपली नव्हती. फळीवर उताणी पडली होती, दोन्ही हात छातीवर, आणि तिच्या डोक्यावर छताची ती चौकोनी खिडकी उघडी होती, उकडतं म्हणून उघडलेली. आत शिरून, भावजयीवरून वाकून तिने त्या खिडकीतून बघितलं. सूर्य नेमका त्या चौकोनात होता आणि खालची चौकट खांबाच्या दिव्यांना झाकत होती. मघाशी आत अंधारच असणार. ट्रेलरभर अंधार, मैदानात कुठेच नव्हता तेवढा.

"अगं," ती म्हणाली. "बघितलंस तू?"

भावजयीने मान हलवली. हो.

"काय होतं?"

भावजयीने तोंड उघडलं. "वन्सं," म्हणाली. मग नुसतं तोंड उघडं राहिलं, दवाखान्यातल्या खुर्चीवर बसल्यासारखं.

"रेडिओ बंद पडला काय?" मुकादम म्हणाला, आणि कुणी हसलं नाही, तोही नाही. भावजयीने हात पुढे करून तिचं मनगट धरलं. हात गार होता. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. भावजय पुन्हा सुरू करायला गेली, ओठ जुळवले, श्वास घेतला, आणि तो श्वास तसाच राहिला. फळीपाशी उभी राहून ती तो श्वास ऐकत होती. घुंई तेवढी नव्हती.

राग भावजयीवर नव्हता. थोडा होता. गुडघे दुखतात म्हणून आडवी झालेल्या बाईला फुकट मिळावं, आणि मला नाही, हे मनाला लागलं. ते मात्र खरंच लागलं, ते कुणी लावलं नाही. पण तेवढंच. तिने तिचा हात सोडवला, हलकेच फळीवर ठेवला, आणि दाराकडे वळली. समोर तक्ता होता. खरवडलेली ओळ. "ताई, कुठे चाललीस?" मुकादमाने विचारलं. "विचारायला," ती म्हणाली.

आणि म्हणून ती मैदान ओलांडत होती, आणि आता ओलांडून झालं होतं. बैठकीच्या पायथ्याशी पत्र्याची केबिन, दारावर सूचना कक्ष अशी पाटी. आत एक टेबल, टेबलावर माइक, एक खुर्ची, आणि नारिंगी जाकीट काढून पाण्याची बाटली तोंडाला लावलेला तोच शिट्टीवाला.

"दिवसा कोण दिवे लावतं?" ती म्हणाली.

त्याने बाटली खाली घेतली. ओळखलं. "मावशी, ते लागले हो. आमच्या हातात नव्हतं."

"लागले नाहीत. लावले. कुणी लावले?"

"सिस्टिम आहे. अंधार पडला की आपोआप लागतात."

"मग आता उजेड आहे. आपोआप विझले का नाहीत?"

त्याने दारातून बाहेर बघितलं. दिवे जळत होते. कान तांबडे झाले.

"बटण कुणी दाबलं एवढंच सांग. मी मारणार नाही त्याला."

"वरून आलं होतं, मावशी. गर्दी आहे, अंधार पडला की दिवे लावायचे. चेंगराचेंगरी झाली तर?"

"वरून?"

"वरून."

"वर मीच बघत होते," ती म्हणाली. "वर कुणी नव्हतं."

तो हसला नाही. शिट्टी बोटाभोवती गुंडाळायला लागला. मुलगाच होता, भावाच्या मुलाच्या वयाचा. एरवी तिने त्याला सोडलं असतं. "तू बघितलंस?" तिने विचारलं.

"माझी पाठ होती. गर्दीकडे बघायची ड्युटी."

म्हणजे यालाही नाही. पुकारणाऱ्याला पुकारायला लावायचं, पळणाऱ्याला पळायला लावायचं, याला पाठ करून उभं करायचं, आणि ज्याच्याकडे उत्तर आहे तो कधी खोलीत नसायचाच. तिच्या आयुष्यात प्रत्येक वेळी ती उत्तराच्या दारापर्यंत आली होती आणि प्रत्येक वेळी दारात असाच कुणीतरी बिचारा उभा होता, ज्याचा काही दोष नाही. तिला बिचाऱ्यांचा कंटाळा आला होता. ती टेबलापाशी गेली, खुर्ची ओढली आणि बसली.

"मावशी, ती साहेबांची खुर्ची आहे."

"मग साहेब येतील ना खुर्चीसाठी." तिने माइक उचलला. खाली कळ होती. ती वर केली. माइकमध्ये तिने फू फू केलं, आणि बाहेर, मैदानभर, चारी बाजूंनी फू फू झालं. खुर्च्या आवरणारे हात थांबले. लांब कोपऱ्यात ट्रेलरचं दार उघडं होतं आणि दारात मुकादम उभा दिसत होता, त्याच्यामागे भावजय, भिंतीला धरून.

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते की," ती म्हणाली.

आणि थांबली. कर्ण्यांची घुंई मैदानावर पसरली. तीच. भिंतीपलीकडची, काळ्या कागदापलीकडची. तिने ती थोडा वेळ चालू दिली. ही घुंई इतकी वर्षं तिने एकटीने ऐकली होती, आता ती सगळ्यांना ऐकू दे. मग तिने माइक लांब धरला, टेबलापलीकडे, शिट्टीवाल्याच्या तोंडासमोर नाही, त्याच्या डोक्यावरून, उघड्या दाराकडे, दिव्यांकडे, जिथे कुठे तुम्ही आहात तिकडे.

"वाक्य तुमचं होतं, माझ्या बापाला ते पुरं करता आलं नाही. भावजयीलाही बोलता आलं नाही. आता पुढचं तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी बसलेय. की काय?"